कॉर्वेट-कॅमॅरोचा पहिल्यातून डायरेक्ट चौथा पडतो ते बंद कसं करायचं

अमेरिकेत जुनी मॅन्युअल कॉर्वेट किंवा कॅमॅरो घेतलेल्या आपल्या लोकांकडून एक तक्रार हमखास येते. सिग्नलवरून गाडी हळू उचलली, दुसरा टाकायला दांडा सरळ खाली ओढला, तर तो दुसऱ्यात जातच नाही, आपोआप उजवीकडे सरकतो आणि चौथ्यात जाऊन बसतो, गाडी धडधडायला लागते आणि मागचा हॉर्न वाजवतो. मग पहिली शंका काय, तर गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही, कंपनीने गाडी मुद्दाम तशी बनवलीय. अमेरिकेत याला स्किप शिफ्ट म्हणतात, या गाड्या बनवणाऱ्या जीएमच्या (जनरल मोटर्स) मॅन्युअलमध्ये कॅग्ज, म्हणजे कॉम्प्युटर एडेड गिअर सिलेक्शन असं लिहिलेलं असतं. ते बंद करायला वीस-पंचवीस डॉलरचा एक छोटा प्लग लागतो आणि निवांत अर्धा दिवस. घाई नसेल तर घरी होण्यासारखं काम आहे.

हे का केलं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की काढून टाकताना मनात धाकधूक राहत नाही. अमेरिकेत १९७८ च्या एनर्जी टॅक्स अॅक्टपासून गॅस गझलर टॅक्स आहे. टेस्टमध्ये गाडीचं सरासरी मायलेज गॅलनला २२.५ मैलांच्या खाली आलं, म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटरच्या खाली, की त्या गाडीवर १,००० डॉलरपासून पार ७,७०० डॉलरपर्यंत टॅक्स लागतो. आता मोठं व्ही-८ इंजिन असलेली स्पोर्ट्स कार, ती त्या रेषेच्या आसपास असणारच. मायलेजची टेस्ट रोलरवर होते, ठरलेल्या स्पीडने गाडी हळूहळू पळवतात, आणि तेव्हा पहिल्यातून थेट चौथा पडला तर आरपीएम खाली राहतो आणि पेट्रोल कमी जळतं. पण टेस्टपुरतं तसं चालवून भागत नाही, विकलेली गाडीही तशीच वागली पाहिजे, म्हणून ही सक्ती. १९८९ च्या कॉर्वेटला झेडएफचा सहा गिअरवाला गिअरबॉक्स आला तेव्हा हे पहिल्यांदा आलं, आणि नंतर ट्रेमेकचे टी-५६, टीआर-६०६० वगैरे गिअरबॉक्स लावलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ते तसंच चालू राहिलं. १९९३ ते २००२ च्या व्ही-८ कॅमॅरो आणि फायरबर्ड, १९९७ ते २००४ ची सी-५, म्हणजे पाचव्या पिढीची कॉर्वेट, त्यापुढची सी-६, सात गिअरची सी-७, २०१० नंतरची कॅमॅरो एसएस, आणि जीएमच्या बाहेर बघायचं तर डॉजची मॅन्युअल चॅलेंजर आणि वायपर. सी-८ कॉर्वेटला मॅन्युअल गिअरबॉक्सच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

हे कधी लागू होतं ते मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेलं असतं. इंजिन गरम पाहिजे, कूलंट साधारण ७६ डिग्रीच्या वर, स्पीड ताशी १५ ते १९ मैल म्हणजे २४ ते ३१ किलोमीटर, आणि अॅक्सिलरेटर साधारण एकवीस टक्क्यांच्या आत. आकडे मॉडेल आणि वर्षाप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या की कॉम्प्युटर गिअरबॉक्सवरच्या एका सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खिट्टीला, करंट देतो, त्याची पिन पुढे येते आणि पहिल्यातून सरळ खाली दुसऱ्यात जायची वाट अडवते, दांडा मग मधल्या लाइनमध्ये ढकलला जातो आणि तिथून खाली चौथाच आहे. डॅशबोर्डवर त्याच वेळी एक ते चार असा दिवा लागतो.

आता गाडीला त्रास काय होतो ते आकड्यातच बघा. सी-५ च्या टी-५६ मध्ये पहिल्याचा रेशो २.६६, दुसऱ्याचा १.७८ आणि चौथ्याचा १.००, मागचा एक्सल ३.४२, मागचे टायर १८ इंची २७५/४०. ताशी ३० किलोमीटरला पहिल्यात इंजिन साधारण २,१०० वर फिरत असतं. दुसरा टाकला तर १,४०० च्या आसपास येईल, आरामात ओढेल. चौथा पडला तर ८०० वर येतं, म्हणजे जवळजवळ आयडलवर, आणि त्यात समोर चढ असेल तर इंजिन पूर्ण गुदमरतं. ज्यांनी पुण्या-साताऱ्याकडे गाडी शिकलीय, घाटात कुठला गिअर हवा हे ज्यांच्या हाताला आपोआप कळतं, त्यांना हे सहन होत नाही आणि ते बरोबरच आहे. व्ही-८ ला टॉर्क भरपूर असतो म्हणून गाडी बंद पडत नाही एवढंच. माझं स्पष्ट मत आहे की कुठल्या क्षणी कुठला गिअर हे चालवणाऱ्याने ठरवायचं, मॅन्युअल गाडी आपण त्यासाठीच घेतो.

काही खोलायच्या आधी खात्री करा की प्रॉब्लेम खरंच स्किप शिफ्टचा आहे. ओळखीतल्या एकाला एका गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं होतं की दुसऱ्याचा सिंक्रो (गिअर आवाज न करता जुळवणारी आतली रिंग) गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि गाडी तर एकदम ठणठणीत होती. फरक ओळखणं सोपं आहे. सकाळी थंड गाडी काढा आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत हळूच पहिला-दुसरा करून बघा. थंडीत दुसरा सहज पडतोय, गरम झाल्यावर हळू चालवतानाच अडतोय आणि त्याच वेळी दिवा लागतोय, तर ते स्किप शिफ्टच. उलट थंड असताना दुसरा कडक जातोय आणि गरम झाल्यावर सुटतोय, तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदलून बघा, टी-५६ ला साध्या गिअर ऑइलच्या जागी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लागतं हे लक्षात ठेवा. आणि जोरात चालवताना दुसऱ्यात टाकताना खर्रकन आवाज येत असेल तर तो सिंक्रो, त्याला हा प्लग लावून काही उपयोग नाही, चांगला मेकॅनिक गाठा. आणखी एक परीक्षा म्हणजे पहिल्यात थोडं जास्त ताणून, वीस मैलांच्या वर नेऊन मग दुसरा टाकायचा. तिथे तो लोण्यासारखा पडला तर गिअरबॉक्स शाबूत आहे.

खरं तर ज्यांना गाडीखाली जायचंच नाही त्यांच्यासाठी हाच उपाय आहे, कायम थोडा जास्त पाय देऊन किंवा वीस मैलांच्या पुढे जाऊन दुसरा टाकायचा. आणि चुकून चौथा पडलाच तर घाबरायचं नाही, क्लच दाबून हवा तो गिअर परत टाकता येतो, कॉम्प्युटर तिथे अडवत नाही. पण गर्दीच्या रस्त्यावर, शाळेच्या झोनमध्ये, पार्किंगमधून निघताना वीस मैलांच्या वर जाताच येत नाही, आणि नेमकं तिथेच हे आडवं येतं.

आता बंद करायचे मार्ग. काही जण नुसता सोलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवतात. पिन पुढे येणार नाही, काम होतं, पण कॉम्प्युटरला कळतं की सर्किट तुटलंय आणि पी०८०३ हा फॉल्ट कोड पडतो, तो कोड म्हणजे स्किप शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटचाच. शिवाय कनेक्टर उघडा लोंबकळत राहिला की त्यात पाणी, मीठ, चिखल सगळं जातं, मिशिगनच्या एका हिवाळ्यात पितळी पिना हिरव्या पडतात. काही जण वायर कापतात, ते तर अजिबात करू नका, जुन्या गाडीच्या वायरिंगला एकदा कात्री लागली की पुढे कुठला फॉल्ट कुठून येतोय हे शोधताना जीव जातो. फ्यूज काढायचा सल्लाही कोणी देईल, पण एका फ्यूजवर बहुतेक वेळा आणखी चार गोष्टी असतात. सोलेनॉइडच काढून तिथे बोल्ट बसवणारेही आहेत, त्यात ऑइल गळायचा धोका आणि परत मूळ जागी आणणं कटकटीचं. पाचवा मार्ग ट्यूनचा, एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआयलाइव्हसारख्या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरमध्येच स्किप शिफ्ट बंद करता येतं. दुसऱ्या कामासाठी ट्यून करतच असाल तर त्यातच करून घ्या, सगळ्यात स्वच्छ मार्ग तोच. फक्त कॅलिफोर्नियावाल्यांनी जपून, तिथे जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीत, गाडीचं सॉफ्टवेअर बदललंय का तेही बघतात, आणि मान्यता नसलेलं ट्यून सापडलं तर गाडी फेल. नुसत्या या एका कामासाठी तिथे ट्यूनच्या वाटेला जाऊच नका.

उरला प्लग, आणि मी तोच सुचवतो. याला स्किप शिफ्ट एलिमिनेटर म्हणतात, कॉर्वेटचे पार्ट विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. आत काय असतं तर एक रेझिस्टर, बस. गाडीच्या वायरिंगचं टोक त्यात बसतं, कॉम्प्युटर करंट देतो, रेझिस्टरमधून तो जातो, कॉम्प्युटरला वाटतं सोलेनॉइड जागेवर आहे आणि कोड पडत नाही. सोलेनॉइडला मात्र करंट मिळतच नाही, पिन आतच राहते, दुसरा मोकळा. हाताने करणारे लोक साधारण २.२ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर वापरतात, आणि हिशोबही बसतो, साडेचौदा व्होल्ट धरले तरी त्यातून एका वॉटचा दहावा भागसुद्धा जात नाही, त्यामुळे तो तापायचा प्रश्न नाही. पण कनेक्टर नीट मिळवणं, सोल्डर करणं, पाणी जाणार नाही असं बंद करणं यात जो वेळ जातो त्यापेक्षा तयार घेतलेला बरा. ऑर्डर करताना मॉडेल आणि वर्ष नीट बघा, सी-५ चा कनेक्टर आणि नव्या कॅमॅरोचा कनेक्टर एकच असेल असं धरून चालू नका. शक्यतो असा घ्या की ज्याचं दुसरं टोक सोलेनॉइडच्या रिकाम्या तोंडावर टोपीसारखं बसतं, म्हणजे तिथेही घाण जात नाही.

गाडी उचलायचा भाग मी सगळ्यात गंभीरपणे घेतो आणि तुम्हीही घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, दोन मिनिटांसाठीसुद्धा, जायचं नाही. जमीन सपाट आणि पक्की पाहिजे, उतारावरच्या ड्राइव्हवेवर हे करू नका, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून अडण लावा आणि जॅक स्टँड लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. कॉर्वेटची बॉडी फायबरची, चुकीच्या जागी जॅक लावला की खालची पट्टी तडकते. सी-५ ला पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे फ्रेममध्ये लांबट भोकं आहेत, त्यात बसणारे गोल पक, म्हणजे जॅक टेकवायचे ठोकळे मिळतात, ते बसवूनच उचला. मागे आडवी जी पातळ स्प्रिंग दिसते ती पण फायबरची आहे, तिच्यावर जॅक टेकवायचा नाही. ज्यांच्याकडे नीट सोय नाही त्यांनी प्लग विकत घेऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर लावून घ्यावा, लिफ्टवर काम काही मिनिटांचं आहे.

कॉर्वेट आणि कॅमॅरोत मोठा फरक हा की सी-५ पासून सी-७ पर्यंत कॉर्वेटचा गिअरबॉक्स मागे असतो, मागच्या एक्सलला जोडून, त्यामुळे मागची बाजू उचलायची. कॅमॅरो, फायरबर्ड, चॅलेंजरचा गिअरबॉक्स नेहमीसारखा इंजिनच्या मागे, तिथे पुढची बाजू वर पाहिजे. सोलेनॉइड बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला असतं, म्हणजे अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूला, पण आपल्या मॉडेलची नेमकी जागा मॅन्युअलमध्ये बघा. जवळूनच सायलेन्सरचा पाइप जातो, तो गार झाल्याशिवाय हात घालू नका, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम करा. किल्ली बाहेर काढून खिशात ठेवा, गॉगल लावा, कारण वरून वाळलेली माती थेट डोळ्यात पडते.

सगळी गडबड होते ती कनेक्टर ओळखण्यात. गिअरबॉक्सवर एकच कनेक्टर नसतो, रिव्हर्स लाइटचा स्विच असतो, स्पीडचा सेन्सर असतो आणि रिव्हर्स लॉकआउटचं वेगळं सोलेनॉइड असतं, म्हणजे गाडी पळत असताना चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून लावलेलं. ते रिव्हर्सचं सोलेनॉइड चुकून काढलं तर उभ्या गाडीत रिव्हर्स टाकायला दांडा प्रचंड जोराने ढकलावा लागतो. म्हणून खाली जायच्या आधी आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं चित्र फोनवर उघडून ठेवा आणि प्लगच्या पाकिटातला कागद वाचा, प्लगचं तोंड आणि गाडीचा कनेक्टर समोरासमोर धरून बघा, दोन्ही एकसारखे दिसले पाहिजेत. जोर लावून बसवावा लागतोय असं वाटलं की थांबा, बहुतेक तो चुकीचा कनेक्टर असतो. काढायच्या आधी फोटो पण काढा.

कनेक्टर काढताना वायरीला धरून ओढायचं नाही. बाजूला प्लास्टिकची एक छोटी जीभ असते, ती नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने किंचित उचलायची आणि कनेक्टरची बॉडी धरून सरळ मागे ओढायची. वीस वर्षं जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, थंडीत तर पटकन तुटतं, म्हणून आधी कापडाने माती पुसा, हळूहळू दोन्ही बाजूंनी हलवत काढा. निघाला की आतल्या पिना बघा, काळ्या-हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मग गाडीकडून आलेलं टोक प्लगमध्ये दाबा, टक् आवाज आला पाहिजे, प्लगचं दुसरं टोक सोलेनॉइडवर. तसं टोक नसेल तर सोलेनॉइडच्या तोंडात थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (कनेक्टरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून लावतात ते) आणि वर रबरी टोपी. आता राहिली ती वायर झिप टायने अशी बांधायची की ती सायलेन्सरला लागणार नाही, शिफ्टरच्या रॉडमध्ये अडकणार नाही आणि ताणलेली पण राहणार नाही. हे बांधायचं काम नीट करा, लोंबकळणारी वायर गरम पाइपला चिकटून वितळली तर खरा फॉल्ट तिथे सुरू होतो.

गाडी खाली घेतली की आधी उभ्या उभ्या सगळे गिअर टाकून बघा. रिव्हर्स नेहमीसारखा पडतोय का, मागचा पांढरा दिवा लागतोय का. लागत नसेल तर चुकीचा कनेक्टर निघालाय, परत खाली जा. मग इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत फिरवा, कारण थंड गाडीत टेस्ट करून काहीच कळत नाही, आणि रिकाम्या पार्किंगमध्ये पंधरा ते एकोणीस मैलांच्या मधे अगदी हलक्या पायाने पहिला-दुसरा करा. दुसरा सरळ पडायला हवा. डॅशबोर्डवरचा एक ते चारचा दिवा बहुतेक गाड्यांत अजूनही लागेल, त्याने गोंधळू नका, कॉम्प्युटर आपलं काम करतोच आहे, फक्त पिन हलत नाही. तो दिवा पण नको असेल तर ट्यूनशिवाय इलाज नाही, मी म्हणेन राहू द्या.

दोन-चार दिवस चालवून कोड बघा. कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर डॅशबोर्डखालच्या पोर्टला लावला की काम होतं. सी-५ वाल्यांना तर स्कॅनर पण नको, इंजिन न लावता किल्ली ऑन करा, स्क्रीनवर काही मेसेज असतील तर रिसेटने घालवा, मग ऑप्शन्सचं बटण दाबून धरून फ्यूएलचं बटण चार वेळा पटापट दाबा, गाडी स्वतःच एकेक कॉम्प्युटरचे कोड दाखवायला लागते. पी०८०३ दिसला आणि त्यापुढे सी असेल तर तो आत्ताचा, म्हणजे प्लग नीट बसलेला नाही किंवा रेझिस्टर सुटलाय. पुढे नुसता एच असेल तर जुना इतिहास, पुसून टाका आणि परत येतो का बघा.

वॉरंटीतली गाडी असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, बाहेरचा पार्ट लावला एवढ्या कारणावरून डीलर सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे त्याला दाखवावं लागतं. तरीही गिअरबॉक्सच्या कामासाठी गाडी डीलरकडे न्यायची असेल तर आदल्या दिवशी प्लग काढून मूळ कनेक्टर परत लावा, वाद कशाला. वायर कापू नका म्हणतो ते यासाठीच, पाच मिनिटांत सगळं होतं तसं करता येतं.

पेट्रोलचं विचाराल तर रोजच्या चालवण्यात त्याचा हिशोब आपल्या पायावर अवलंबून आहे. सपाट रस्त्यावर हळू चाललाय, पुढे उतार दिसतोय, तर दुसऱ्यातून स्वतः होऊन थेट चौथा टाका, त्यात गाडीला काहीच त्रास नाही. मी पण टाकतो. आणि कधी गाडी विकलीत तर घेणाऱ्याला प्लग कुठे लावलाय ते सांगा आणि त्याचा कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, नाहीतर त्याचा मेकॅनिक ते अनोळखी वायरिंग बघून उगाच खोलत बसेल.